नववी बॅटरी

१

मंगळवारी सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या बंद बाल्कनीने पेट घेतला. आग तशी आटोपशीर होती. तिने एक पडदा खाल्ला, प्लॅस्टिकच्या स्टुलाचा एक पाय खाल्ला, धुण्याच्या मशीनचं झाकण वाकवलं, छत काळं केलं आणि खालच्या मजल्यावर सेक्रेटरींनी वाळत घातलेल्या सहा पांढऱ्या शर्टांवर काजळीची नक्षी काढून ती विझली. कुणी भाजलं नाही. इमारतीत बिऱ्हाडं चोवीस. त्यांतल्या तेवीस बिऱ्हाडांना संध्याकाळपर्यंत गुन्हेगार ठाऊक झाला होता.

गुन्हेगार म्हणजे त्या घरची थोरली सून. ती ड्रोन उडवते, पुलांच्या पोटाला नि उंच टाक्यांना पडलेल्या भेगांचे फोटो काढून इंजिनिअर लोकांना देते, म्हणून इमारत तिला पायलट म्हणते. काही जण कौतुकाने, बाकीचे दात दाखवून. ड्रोनच्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या, ज्यांना त्या धंद्यातले लोक लिपो म्हणतात, ती या बाल्कनीत ठेवायची. आग लागली तेव्हा ती तीन दिवसांपासून बाहेरगावी एका पुलाखाली दुसऱ्या कंपनीचं ड्रोन, त्यांच्याच बॅटऱ्यांवर, उडवत उभी होती. पण बॅटऱ्या तिच्या, तेव्हा आगही तिची, असा साधा हिशेब झाला.

सेक्रेटरींनी बुधवारीच नोटीस लावली: शनिवारी संध्याकाळी पाचला सभा, विषय एकच, राहत्या घरात असल्या बॅटऱ्या ठेवण्यास कायमची बंदी. ठराव झाला तर पायलटचं काम संपलं. वेगळी जागा घेण्याइतकं ते काम अजून मोठं झालेलं नव्हतं. तिचा नवरा, म्हणजे घरातला थोरला, कवळ्या तयार करणारा कारागीर आणि स्वभावाने मऊ, पण तोही चार शेजाऱ्यांसमोर म्हणून गेला, "बास झालं आता हे." आगीची बातमी कळून परत आलेल्या पायलटने बॅग उघडली, कपडे काढले, घडी घातलेल्यांचीच पुन्हा घडी घातली.

गुरुवारी विमा कंपनीची सर्वेक्षक आली. पन्नाशीची बाई, खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च, मीटर, हातमोजे आणि एक वही. ती दाराची उंची, खिडकीची रुंदी, माणसाच्या बोलण्यातला थांबा, सगळंच मोजायची. तासाभरात तिचं नाव मोजपट्टी पडलं. ते तिला कळलं आणि आवडलं.

बाल्कनीत ती आधी बॅटऱ्यांच्या लोखंडी पेटीकडे गेली. पेटी बाहेरून काळी झाली होती. तिने झाकण उचललं, टॉर्च मारला, आतून बोट फिरवलं.

बोट स्वच्छ निघालं. आत काजळीचा कणही नव्हता. आग पेटीत लागलीच नव्हती.

२

पायलटने आपली पद्धत सांगितली, आणि ती सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा ताठ झाला. बॅटऱ्या एकूण नऊ, प्रत्येकीत तीन सेल. काम झालं की ती त्या अर्ध्या चार्जवर आणून ठेवते. मीटरवर अकरा पॉइंट चार व्होल्ट. लिपो भरून ठेवली की आतून खराब होत जाते, आणि पेटलीच तर भरलेली जास्त जोरात पेटते. ठेवायची लोखंडी पेटीत, पेटीला धूर जायला भोक, पेटी फरशीवर, हाताच्या अंतरात लाकूड नाही, कापड नाही. चार्ज करायची ती स्वतः शेजारी बसून. चहा आणायला उठायचं झालं तरी आधी प्लग काढून.

"आठ पेटीत होत्या," ती म्हणाली. "नववीचं पोट सुटलं होतं."

म्हणजे ती फुगली होती. फुगलेली लिपो वापरायची नसते. पायलटने तिला बल्ब लावून शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली आणि वाळूच्या बादलीत पुरून ठेवली. बुधवारी जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात ती द्यायची होती.

मोजपट्टीने जळालेल्या ढिगाऱ्याकडे पाहिलं. एका लाकडी फळीवर बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या होत्या. फळीचं एक टोक कोळसा झालेलं. त्या बाजूच्या बॅटऱ्यांची नुसती कवचं उरलेली. दुसऱ्या टोकाच्या तीन मात्र शाबूत होत्या. वाळूची बादली आडवी पडलेली, रिकामी.

फळी कुणाची, असं तिने विचारलं. पायलट म्हणाली, आपली नाही, आपण लाकूड या खोलीत येऊच देत नाही. शोधल्यावर कळलं की ती शेजारच्या खोलीतल्या कपाटाची सगळ्यात खालची फळी होती, आणि त्या फळीवरची पांघरुणं नीट घडी करून खुर्चीवर ठेवलेली होती. घाईत कुणी काढलेली नव्हती.

मोजपट्टीने हातमोजे चढवले आणि वाचलेल्या तिन्ही बॅटऱ्यांना मीटर लावलं. पहिली बारा पॉइंट सहा. दुसरी बारा पॉइंट सहा. तिसरीही तेवढीच.

तिन्ही काठोकाठ भरलेल्या. पायलटचा चेहरा उतरला. दारात उभा असलेला थोरला म्हणाला की घाईत चार्जवरून काढून तशाच ठेवल्या असशील, माणूस विसरतो. ती म्हणाली, मी विसरत नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

मोजपट्टीने वहीत लिहिलं: एक तर ही बाई खोटं बोलते आहे, नाही तर ती नसताना कुणीतरी तिच्या बॅटऱ्या पेटीतून काढून, फळीवर मांडून, पोटभर जेवू घातल्या आहेत.

३

संशय घ्यायला सोपा होता तो दीर. धाकटा म्हणत त्याला, उंची मात्र थोरल्याहून वीतभर जास्त. तो व्यायामशाळेत शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी रिमोटच्या गाड्यांची शर्यत लावायचा. त्या गाड्याही लिपोवरच पळतात. रविवारी वहिनीचा चार्जर वापरला, हे त्याने न विचारताच कबूल केलं, कारण त्याला कधी ना कधी विचारणार हे त्याला दिसत होतं. पण त्याच्या बॅटऱ्या लहान, प्लग वेगळा. वहिनीच्या बॅटऱ्यांना आपण हात लावत नाही, तिने एकदा कान पिळला होता, तो अजून लाल आहे, असं तो म्हणाला. सोमवारी सकाळपासून मंगळवारी दुपारपर्यंत तो शर्यतीच्या गावी होता. शंभर माणसांनी त्याची गाडी उलटताना पाहिली होती.

बोलता बोलता तो लहानपणात शिरला. वडिलांचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं, सहा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा विकलं. आई घर सांभाळायची.

"शाळेतून आलो की दाराला कुलूप," तो हसला. "आई दुकानात डबा द्यायला गेलेली असायची. आम्ही जिन्यात बसून गृहपाठ करायचो, दिवे लागेपर्यंत."

सेक्रेटरींची साक्ष लांबलचक होती, तिच्यात शर्टांचा भाग मोठा होता. कामाचं एवढंच, की पावणेअकराच्या सुमारास त्यांना वरून गोडसर, रंगाच्या दुकानात येतो तसा वास आला. ते जिना चढून वर जाईपर्यंत धूर झाला होता. दार सासूबाईंनी उघडलं. बाल्कनीच्या खिडक्या सताड उघड्या, चार्जरचा प्लग भिंतीतून काढलेला, आगीवर बादलीभर वाळू ओतलेली. सेक्रेटरींनी उरलेली आग विझवली, म्हणजे विझत असलेल्या आगीवर पाणी टाकलं, आणि तेव्हापासून ते स्वतःला अग्निशमन दल समजत होते.

सासूबाई घरी होत्या, पण त्यांना कुणी साक्षीदार म्हणूनही धरलं नव्हतं. सदुसष्ट वर्षांची, कमी बोलणारी बाई. हातांवर पांढरे बारीक ठिपके होते. मोजपट्टीची नजर तिथे गेली तशी त्या म्हणाल्या, तेल उडतं स्वयंपाकात. आगीबद्दल विचारल्यावर एवढंच म्हणाल्या की मी स्वयंपाकघरात होते, मला त्यातलं काही कळत नाही.

मोजपट्टी पुन्हा बाल्कनीत गेली. वाचलेली एक बॅटरी उचलून तिने तिची पितळी टोकं न्याहाळली, मग हातमोजा काढून त्यावरून अंगठा फिरवला.

अंगठा सरकला. टोकांना पातळ, पारदर्शक व्हॅसलीन लावलेलं होतं.

४

व्हॅसलीन आपण आयुष्यात कधी बॅटरीला लावलं नाही, पायलट म्हणाली. तिला आता राग यायचं थांबलं होतं. तिला नवल वाटायला लागलं होतं. दोघी बाल्कनीत उकिडव्या बसल्या. घातपात करणारा माणूस टोकांना व्हॅसलीन कशाला लावेल, असं ती पुटपुटली. मोजपट्टी म्हणाली की मीही तोच विचार करते आहे, ही आग फार मायेने लावलेली दिसते.

चार्जर वरच्या पत्र्याच्या मांडणीवर होता. वायर जळलेली, अंग काळं, पण आतून जिवंत. असे चार्जर शेवटचं काम लक्षात ठेवतात. मोजपट्टीने वीज जोडली. छोटा पडदा उजळला आणि त्यावर दोन अक्षरं आली: पीबी.

पायलट त्या पडद्याकडे बघतच राहिली. पीबी म्हणजे शिसं. हा चार्जर लिपोही भरतो आणि मोटारीची शिशाची, ॲसिडची बॅटरीही भरतो. पद्धत निवडावी लागते. पायलटकडे गाडी नव्हती. ती पद्धत तिने कधी उघडूनही पाहिली नव्हती.

शुक्रवारी सकाळी मोजपट्टी दोन गल्ल्या पलीकडे मोटारीच्या बॅटऱ्यांच्या दुकानात गेली. बॅटरीवाला सत्तरीला टेकलेला, हात काळे, जीभ सैल. तिने विचारलं की बॅटरी बरेच दिवस ठेवायची असेल तर काय करता.

त्याला कुणी काही विचारून बरेच दिवस झाले असावेत. फरशीवर कधी ठेवायची नाही, तो म्हणाला, लाकडी फळीवर ठेवायची. आमच्या उस्तादांनी सांगितलं, आम्ही ठेवत आलो. टोकांना व्हॅसलीन, नाहीतर हिरवट बुरशी धरते. खिडकी उघडी, गॅस होतो. शेजारी वाळूची बादली. आणि रिकामी कधी ठेवायची नाही, शिशाची बॅटरी उपाशी राहिली की मेली.

"उपाशी म्हणजे किती?" मोजपट्टीने विचारलं.

"मीटरवर अकरा पॉइंट चार दिसलं की समजा शेवटचे आचके. भरून बारा पॉइंट सहा झालं की तब्येत खणखणीत."

मोजपट्टी वही उघडायचीच विसरली. तेच दोन आकडे. लिपोचं निरोगी अर्धपोट म्हणजे शिशाच्या बॅटरीची मरणघटका. शिशाची खणखणीत तब्येत म्हणजे लिपोचं काठोकाठ भरलेलं पोट.

आणि अगदीच मेलेली असेल तर, तिने विचारलं. बॅटरीवाला म्हणाला, मग मंद चार्ज, अगदी थेंब थेंब, पाच-सहा तास; लावायचा आणि विसरून जायचं. हे सगळं जुन्या हातांना माहीत, त्याने सुस्कारा टाकला. पलीकडच्या चौकात एक दुकान होतं, तिथून भरून आलेली बॅटरी कधी परत यायची नाही. मालक गेला बिचारा सहा वर्षांपूर्वी. त्याने मालकाचं आडनाव सांगितलं.

ते पायलटच्या घराच्या दारावरचं आडनाव होतं. गाड्यांचं सामान म्हणजे बॅटऱ्या. सगळ्या सवयी एकाच माणसाकडे बोट दाखवत होत्या, आणि तो माणूस सहा वर्षांपूर्वी वारला होता.

५

मोजपट्टी दुकानाच्या पायरीवर थांबली, मागे वळली आणि तिने आणखी एकच प्रश्न विचारला: तिथे बॅटऱ्या कोण भरायचं? बॅटरीवाल्याने कपाळ खाजवलं. मालक तर गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, तो म्हणाला. भरणारं कुणीतरी मागे असायचं. मागे कोण, ते आम्ही कशाला बघतो.

त्या दुपारी दोन्ही मुलगे कामावर होते आणि पायलट केंद्रात जळकी कवचं द्यायला गेली होती. सासूबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, समोर बसल्या.

मोजपट्टी म्हणाली, "काकू, डबा पोचवायला किती वेळ लागायचा? चौक तर सात मिनिटांवर आहे."

सासूबाईंनी हात मांडीवर पालथे केले.

"धाकटा म्हणतो दिवे लागेपर्यंत. हातांवर तेल उडालं असतं तर डाग तपकिरी पडले असते. हे ॲसिडचे आहेत. आग दिसल्यावर कुणीही आधी ओरडतं. तुम्ही प्लग काढलात, खिडक्या उघडल्यात, वाळू ओतलीत. ज्याला त्यातलं काही कळत नाही तो एवढं शिस्तीत घाबरत नाही."

त्यांनी पाण्याचा रिकामा पेला आत नेऊन ठेवला. मग बोलायला लागल्या तर थांबेनात. अठ्ठावीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी बॅटऱ्या भरल्या होत्या. मुलांना सांगायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, एवढंच. मागच्या शुक्रवारी सून फोनवर कुणाला तरी सांगत होती की बुधवारी मोठं काम आहे आणि एक बॅटरी कमी पडणार आहे. ती गेल्यावर यांनी सहज पेटी उघडून मीटर लावलं. आठच्या आठ अकरा पॉइंट चार. पोरगी धावपळीत भरायला विसरली, असं त्यांना वाटलं. सोमवारी शेजारी बसून एकेक भरली. सुनेला बटणं दाबताना पाहिलं होतं, तशीच दाबली. फळी काढली, मांडली, टोकांना व्हॅसलीन लावलं.

"नववी वाळूत सापडली," त्या म्हणाल्या. "अगदी शून्य. चार्जर तिला घेईना, नुसता ओरडायचा. मग यंत्रात शिशाची पद्धत दिसली. म्हटलं, ही तर आपली."

मंगळवारी पहाटे पाचला त्यांनी नवव्या बॅटरीला मंद चार्ज लावला, आणि मंद चार्ज विसरायचा असतो म्हणून विसरल्या.

मोजपट्टीने समजावलं की लिपो एकदा तळाला गेली की तिला पुन्हा भरणंच धोक्याचं, म्हणून चार्जर नाही म्हणत होता. शिशाच्या पद्धतीत तो साडेचौदाच्या आसपास जाईपर्यंत थांबत नाही. लिपोची सहनशक्ती बारा पॉइंट सहाला संपते. सासूबाईंनी ते दोन्ही आकडे मनात एकमेकांशेजारी ठेवलेले दिसले.

"माझ्या हातची एकही बॅटरी कधी मेली नव्हती," त्या म्हणाल्या. "थोरला तिच्यावर ओरडला तेव्हाच बोलायला हवं होतं. एक दिवस गेला की तोंड उघडायला दुप्पट जोर लागतो. आज तिसरा दिवस."

मोजपट्टी उठली. रिपोर्ट सभेत वाचला जाईल, ती म्हणाली, आणि त्यात जे घडलं ते लिहावंच लागेल. त्याआधी कुणी स्वतःहून बोललं तर कागदाला कमी काम पडेल.

६

सभा तळमजल्यावर गाड्या लावायच्या जागेत भरली. सेक्रेटरींनी काजळीचा एक शर्ट पुरावा म्हणून आणला होता. पायलट मागच्या रांगेत, हाताची घडी घालून. ठराव वाचून होतो न होतो तोच सासूबाई उभ्या राहिल्या.

"बॅटऱ्या मी भरल्या," त्या म्हणाल्या. "सुनेने नीट ठेवल्या होत्या. मी काढल्या. आग माझी."

थोरला अर्धवट उठला. "आई, तुला बॅटरीतलं काय कळतं?"

"तुम्ही जिन्यात बसून गृहपाठ करायचात तेव्हा दुकानातल्या सगळ्या बॅटऱ्या कोण भरत होतं, असं तुला वाटतं?"

थोरला हळूच खाली बसला. धाकटा आईकडे असा पाहत होता जणू तिने शंभर किलोचं वजन एका हाताने उचललं.

सेक्रेटरी म्हणाले की मग तर हे अधिकच वाईट, त्या घरात आता एकाऐवजी दोन बायका बॅटऱ्यांशी खेळतात. थोडं हसू पिकलं. मोजपट्टीने रिपोर्ट वाचला. ठेवण्याच्या पद्धतीत दोष नाही. दोष दोनच: चार्जर कुलपात नव्हता, आणि फुगलेली बॅटरी त्याच दिवशी केंद्रात न देता घरात ठेवली होती. त्याखाली तिने एक ओळ जास्तीची घातली होती, जी विमा कंपनीला नको होती: पेटीवर 'हात लावू नये' असं लिहिलं आहे, का लावू नये, ते घरातल्या कुणालाही सांगितलेलं नाही.

पायलटने हाताची घडी सोडली.

त्या घराचं मत धरलं नाही. उरलेल्या तेवीसांत बंदीच्या बाजूने नऊ, अटी घालून परवानगी द्यायच्या बाजूने चौदा. सेक्रेटरींनी शर्टाची घडी केली. थोरला बायकोजवळ जाऊन काहीतरी म्हणाला. तिने ऐकून घेतलं, पण चालण्याचा वेग कमी केला नाही, तो मागोमाग जिना चढला.

रविवारी सकाळी काळ्या छताखाली पायलट आणि सासूबाई समोरासमोर बसल्या. वाचलेल्या तीन बॅटऱ्या आठवडाभर भरलेल्याच होत्या, त्या अर्ध्यावर आणायच्या होत्या. पायलटचा राग पुरता गेलेला नव्हता.

"मला विचारायचं होतंत, आई."

"तू सांगायचं होतंस."

हे दोघींनाही पटलं. पायलटने नव्या वायरीने पहिली बॅटरी जोडली आणि सांगायला लागली की आधी हे बटण, मग पद्धत निवडायची, मग ते बटण.

सासूबाईंनी चार्जरवर पालथा हात ठेवला. "बटणं मागून. आधी कारण सांग. अठ्ठावीस वर्षं मला मागच्या खोलीत नुसतं 'भर' म्हणून सांगायचे. का भरायची, ते कुणी एकदाही सांगितलं नाही. हिला अर्ध्या पोटी कसं बरं वाटतं?"

पायलटने कागद ओढला आणि तीन सेलांचे तीन चौकोन काढले. पहिला चौकोन समजावून होईपर्यंत चहा गार झाला. दुसऱ्यावर सासूबाईंनी दोन शंका काढल्या, त्यांतली एक पायलटला फोन करून एका इंजिनिअरला विचारावी लागली. तिसऱ्या चौकोनापर्यंत पोचायला दुपारचे दोन वाजले, आणि तेवढ्या वेळात चार्जरचं बटण दोघींपैकी कुणीही दाबलं नाही.